वाढत्या वयाचे वजन : वऱ्हाडच्या संदर्भात एक आढावा

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाट पसरलेला आहे, आणि धारणी व चिखलदरा या त्याच्या दोन तालुक्यांची नावे १९९३ सालापासून विधिमंडळात, उच्च न्यायालयात व वृत्तपत्रांच्या रकान्यांत वारंवार घेतली गेली ती मुख्यतः कोरकू आदिवासी बालकांच्या कुपोषणामुळे व त्यांच्या अकाली मृत्यूंमुळे. त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, घाट उतरून परतवाड्यावरून तीन-चार तासांत जेथे पोहोचता येते त्या अमरावती शहरात, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत सांप्रत बारा-चौदा वर्षांची अशी मुले आणली जातात, की ज्यांच्या मातापित्यांचे गाऱ्हाणे पोराला भूक लागत नाही हे नसून त्याचे वजन आवरत नाही हे असते. शेजारच्या अकोल्यातही स्थिती याहून निराळी नाही. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अंमलात मेळघाट व अमरावती शहर ही दोन टोके नांदावीत यात प्रथमदर्शनी जो विरोध भासतो तो थोडा खोल विचार केला की मावळतो, कारण वाढत्या शरीराला हवे ते अन्न हव्या त्या प्रमाणात न मिळणे हेच दोहोंचे मूळ आहे. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात जी व्यापक राष्ट्रीय पोषण पाहणी केली, तीत दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के कृश आढळली, सुमारे ५ टक्के वाजवीहून अधिक वजनाची आढळली, आणि मुलींपैकी तर ४० टक्क्यांना रक्तक्षय होता. हा ५ टक्क्यांचा आकडा सबंध देशाचा, खेड्यापाड्यांसह काढलेला आहे. शहरांतील सुखवस्तू वस्त्यांत आणि तेथील शाळांत प्रमाण याहून पुष्कळ अधिक दिसते, व ज्या घरांतून मुलांचे वजन उतरविण्याची आज घाई चालली आहे ती घरे बहुतांशी याच वस्त्यांतील आहेत.

या घाईच्या आधीची पिढी मात्र नेमकी उलट समजुतीत वाढली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडचा हा कसदार, कापसाचा व ज्वारीचा मुलूख होरपळून काढला होता, आणि ज्या समाजाच्या स्मरणात असे वर्ष असते त्या समाजात अंगाने भरलेले मूल हीच घराच्या बरकतीची खूण मानली जावी यात नवल नाही. "लेकरू कसं भरल्या अंगाचं हाये" हे आजीच्या तोंडचे कौतुक अजूनही परतवाड्या-मूर्तिजापुराकडच्या घरांत ऐकू येते, आणि पाहुण्याच्या ताटात तुपाची धार धरणारा हात नातवाच्या ताटावर ती अधिकच लांबवितो. या प्रेमाचा उपहास करण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु तेच मूल दहावीत गेले, कपड्यांची मापे बसेनात, वर्गातील पोरे चिडवू लागली, की तेच घर एकाएकी त्याची भाकर मोजू लागते. आणि लाडापासून लगामापर्यंतच्या या झटक्यात मुलाच्या शरीराला नेमके काय हवे, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

तो विचारण्यापूर्वी आपल्या शरीराची एक जन्मजात घडण ध्यानात घेतली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्यालगतच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालविला, त्यात असे दिसून आले की या खेड्यांतील नवजात अर्भकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकाचे सुमारे ३.५ किलो, पण आपले मूल स्नायूंत जितके उणे असते तितके चरबीत उणे नसते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचे व आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघे सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. कृश दिसणाऱ्या देहात मेद दडलेला असू शकतो, आणि तो पोटाच्या पोकळीत साचला म्हणजे मधुमेहास व रक्तदाबास लवकर वाट करून देतो, ही गोष्ट या एका छायाचित्राने जितकी स्पष्ट केली तितकी शेकडो कोष्टकांनी केली नसती. गर्भात व बालपणी उपासमार सोसलेले शरीर पुढे सुबत्तेत पडले की मेद अधिकच वेगाने साठविते, आणि म्हणून मेळघाट व अमरावती यांतील अंतर नकाशावर दिसते तितके उरत नाही.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या दोन साध्या परीक्षा निघतात. पहिली कमरेची : बेंबीच्या पातळीवर फीत धरून घेतलेला घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर मूल दिसायला कसेही असो, त्याच्याकडे लक्ष पुरविले पाहिजे. दुसरी मानेची. मानेच्या मागच्या बाजूस, काखेत व कोपराशी कातडी काळी, जाड व मखमलीसारखी होऊ लागते, आणि कित्येक घरांत आई ती मळ समजून डाळीच्या पिठाने, लिंबाच्या फोडीने, अखेर घासणीनेही घासत राहते. पोर कळवळते आणि काळेपणा जात नाही. तो मळ नव्हे. शरीरातील इन्सुलिन पुरेसा परिणाम करीनासे झाले, आणि स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडू लागले, याचा तो कातडीवर उमटलेला दाखला आहे, व तो दिसल्यावर मुलाला घासण्याऐवजी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातील साखरेची तपासणी करून घेणे एवढेच उचित असते.

आता वाढीविषयी. पौगंडावस्थेत मनुष्य आपल्या प्रौढ उंचीचा सुमारे पाचवा-सहावा हिस्सा आणि प्रौढ वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा कमावतो. मुलींच्या उंचीचा वेग साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास व मुलांचा चौदाव्याच्या सुमारास शिगेस पोहोचतो, आणि आयुष्यभर पुरवायचे हाडांचे भांडवल अठरा वर्षे पुरी होईतो बहुतांशी जमा होऊन चुकलेले असते. ज्या वर्षांत शरीर एवढे बांधकाम करीत आहे त्या वर्षांत वजन वाढणे हा शरीराचा धर्मच आहे, आणि प्रौढ माणसाच्या कोष्टकावर चौदा वर्षांच्या मुलाचे वजन ताडून पाहणे ही चूक आहे. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी जे वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले, ते सिद्ध करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. प्रौढपणी ज्यांचा निर्देशांक २३ व २७ भरेल अशा मुलांच्या रेषा या तक्त्यांत वयागणिक व लिंगागणिक आखून दिलेल्या आहेत, आणि त्या रेषांशी मुलाची स्वतःची रेषा कशी चालली आहे हे दर सहा महिन्यांनी पाहणे हाच शास्त्राला मान्य असलेला मार्ग आहे. एका दिवसाच्या काट्यावरून काहीच ठरत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. तेरा वर्षांचा मुलगा, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५६ किलो. निर्देशांक जवळजवळ २५ येतो, आणि तो त्या वयाला निःसंशय अधिक आहे. पण हा मुलगा ऐन वाढीत आहे. पुढील दोन वर्षांत तो १४ सेंटिमीटर उंच झाला आणि वजन अवघे दोन किलोंनी वाढू दिले, तर १६४ सेंटिमीटर व ५८ किलो या मापाने निर्देशांक साडेएकविसापर्यंत उतरतो, आणि काट्यावर एक किलोही कमी न होता मुलगा सडपातळ झालेला असतो. बहुसंख्य स्थूल मुलांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांची उंची अजून वाढायची आहे त्यांच्या बाबतीत, वैद्यकाचा मुख्य सल्ला हाच आहे की वजन रोखून धरावे व उंचीला आपले काम करू द्यावे. ज्यांची वाढ संपत आली आहे, किंवा ज्यांचे वजन फारच अधिक असून गुडघे, श्वास, यकृत किंवा साखर यांवर त्याचा परिणाम दिसू लागला आहे, त्यांचेच वजन प्रत्यक्ष उतरवावे लागते, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला फार तर अर्धा किलो. याला जोडूनच एक इशारा देणे आवश्यक वाटते. अधिक खाण्याने स्थूल झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते; ज्याचे वजन वाढत आहे पण उंची खुंटली आहे, त्या मुलाच्या बाबतीत थायरॉईड किंवा अन्य ग्रंथींचा विकार असण्याचा संभव असतो, आणि तेथे आहाराचे प्रयोग करीत बसणे म्हणजे अमूल्य वेळ गमावणे होय.

या अर्ध्या किलोच्या मर्यादेमागे अंकगणित आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्यात अर्धा किलो उतरवायचा तर रोज साडेपाचशे कॅलरींची तूट पाडावी लागते, आणि एक किलो उतरवायचा तर अकराशेंची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम हालचाल करणाऱ्या तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २,४०० कॅलरी, ४३ ग्रॅम प्रथिने, १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातून अकराशे कॅलरी कापल्या म्हणजे जवळजवळ निम्मे ताट उचलले, आणि त्या निम्म्या ताटाबरोबर हाडांचे कॅल्शियम व रक्ताचे लोहही गेले. महिन्यात दहा किलो उतरवून देण्याची हमी देणारी पत्रके आज अमरावतीच्या व अकोल्याच्या रस्त्यांवर खांबाखांबांवर चिकटविलेली दिसतात. वाढत्या वयाच्या मुलीवर हा प्रयोग करणे म्हणजे तिची मासिक पाळी, तिची उंची व तिचे रक्त पणाला लावणे आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. शिवाय अशा उपासाचा हेतूही साध्य होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे किशोरवयीनांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्याचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलामुलींनी जेवण टाकणे, उपाशी राहणे असे उपाय केले होते त्यांचे वजन पाच वर्षांनी इतरांपेक्षा अधिक वाढलेले होते, आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकारांचा धोकाही त्यांच्यात अधिक होता.

मुलींच्या बाबतीत आमच्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. वयात आल्यावर मुलीचे मैदानात जाणे हळूहळू बंद होते, त्याविषयी कोणी हुकूम काढीत नाही, पण ते होते. तिच्या लग्नाची चिंता घरात आडून बोलली जाऊ लागते, आणि तिच्या शरीराविषयीचे शेरे नात्यातल्या बायकांकडून तिला समक्ष ऐकविले जातात. मग श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र या उपवासांना ती वजन उतरविण्याचे साधन समजू लागते. उपवासाच्या दिवशी ताटात येते ती साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप व दाण्याचे कूट, आणि संध्याकाळी बटाट्याचा चिवडा; कॅलरींची बचत होत नाही, लोह मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची भूक दुप्पट होते. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, तेथे स्थूल दिसणाऱ्या मुलीच्याही रक्ताची तपासणी आधी करावी आणि वजनाचा विचार मागाहून करावा, हाच क्रम बरोबर आहे.

आता अकोल्याच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या दिवसाकडे वळू. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचे अकोला हे गेल्या काही वर्षांत मोठे केंद्र बनले आहे, आणि बुलढाणा, वाशीम व खुद्द अकोला जिल्ह्यांतील खेड्यांतून हजारो मुले येथे खोली घेऊन राहतात. पहाटे उठून मुलगा चहाबरोबर बिस्किटे किंवा टोस्ट खातो व शिकवणीला जातो. दहाच्या सुमारास टपरीवर पोहे किंवा आलूबोंडा. दुपारी मेसचा डबा, त्यात तीन-चार पोळ्या, बटाट्याची किंवा तेलाची तर्री सुटलेली भाजी, भात, आणि डाळ असली तर पाण्यासारखी. चार वाजता पुन्हा शिकवणी. सात वाजता मित्रांबरोबर कचोरी, सोबत थंड पेयाची बाटली. रात्री पुन्हा डबा, आणि मग बारा-एकपर्यंत अभ्यास व मोबाईल. या सबंध दिवसात तो बाकावरून उठला असेल तर दुचाकीवर बसण्यासाठी. त्याचे वजन दोन वर्षांत पंधरा किलोंनी वाढले तर त्यात त्याच्या आळसाचा दोष किती आणि या वेळापत्रकाचा किती, हे न्यायबुद्धीने पाहणाऱ्या कोणालाही सहज दिसेल. तीनशे मिलिलिटर कोला पेयात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. ती रोजची बाटली सोडली आणि चारच्या व सातच्या खाण्यांपैकी एकाच्या जागी मूठभर फुटाणे, उकडलेले अंडे किंवा वऱ्हाडचेच संत्रे आले, तर अडीचशे-तीनशे कॅलरींची तूट कोणताही उपास न करता पडते. झोप आठ तासांहून कमी झाली की भूक वाढते, आणि ती भूक गोड व तळलेल्या पदार्थांची असते. तेव्हा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला रात्री अकराला निजविणे हाही वजनाचाच इलाज आहे.

वजनाच्या प्रश्नावर बोलताना लोक परदेशी पाककृतींकडे, ओट्सच्या डब्यांकडे व प्रथिनांच्या भुकटीकडे धाव घेतात, आणि ज्या मुलखात आपण उभे आहोत त्याचे स्वतःचे अन्न विसरतात याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची चटणी, कांदा आणि वाटीभर ताक, हे वऱ्हाडी शेतकऱ्याचे ताट वाढत्या मुलासाठी आजही उत्तम आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने व तितकाच चोथा असतो, तुरीच्या डाळीत बावीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात. भाकर चावून खावी लागते, पोट लवकर भरते, आणि भूक उशिरा लागते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या मुलखात सोयाबीनने ज्वारीचे रान व्यापले, रेशनच्या दुकानात गहू-तांदूळच मुख्यत्वे मिळत राहिला, आणि ज्वारी खाणे हे गरिबीचे लक्षण अशी समजूत शहरात रुजली. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे असताना, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले असतानाही, आमच्या शिकवणीच्या गावातील मेसमध्ये भाकर मिळू नये ही गोष्ट सुधारणे मेसचालकांच्या व पालकांच्या हाती आहे. तेलाचा हिशेबही घरोघर करून पाहावा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलोचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे बेचाळीस ग्रॅम तेल, म्हणजे पावणेचारशे कॅलरी, कोणाच्या लक्षातही न येता पोटात जातात. गिला वडा, पाटोडी, सांबारवडी व शेगावची कचोरी ही आमच्या मुलखाची भूषणे आहेत आणि ती मुलाला कायमची वर्ज्य करणे निष्ठुरपणाचे होईल. आठवड्यातून एकदा, सर्वांनी मिळून, बसून, चवीने ती खावीत, आणि रोजच्या भुकेसाठी त्यांच्यावर विसंबू नये. घरातील एकट्या मुलाच्या ताटात उकडलेली भाजी व बाकीच्यांच्या ताटात पुरी, ही पंक्तिभेदाची पद्धत मात्र सर्वथा त्याज्य आहे. आहार बदलायचा तर घरादाराचा बदलावा.

व्यायामाविषयी लिहिताना वऱ्हाडी माणसाची मान ताठ व्हावी असा इतिहास आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली जो आखाडा सुरू केला, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर गाजला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी आपली महाविद्यालये मंडळाने उभारली, आणि त्याची धुरा दीर्घकाळ वाहणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस केली. आट्यापाट्या, कबड्डी, खो-खो, लेझीम व सूर्यनमस्कार यांत ती साठ मिनिटे सहज भरतात, आणि त्यांना पट्टे व यंत्रे लागत नाहीत. असे असूनही ज्या शहराने बर्लिनला पथक पाठविले त्याच शहरात कित्येक खासगी शाळा दुमजली इमारतीत, मैदानावाचून चालतात, दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि त्याबद्दल पालकसभेत कोणी प्रश्नही विचारीत नाही. ही खंत अमरावतीपुरती नाही, पण अमरावतीला ती अधिक लागावी.

स्थूल मुलाला पहिल्याच दिवशी धावायला लावणे अयोग्य होय. गुडघ्यांवर भार येतो, धाप लागते, आणि इतरांच्या मागे पडल्याची लाज त्याला मैदानातून कायमची घालवते. चालणे, सायकल, पोहणे यांनी आरंभ करावा, मग खेळावर यावे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच हे शक्य असते. अमरावतीकरांना मालटेकडी, वडाळी व छत्री तलाव आहेत, अकोल्याच्या मुलांना शाळांची पटांगणे संध्याकाळी उघडी करून देण्याची तजवीज व्हायला हवी. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे जल घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत सोळा-अठरा किलोमीटर अनवाणी कावड वाहणारी हीच तरुण मुले असतात. त्या वेळी त्यांना कोणी व्यायाम करा म्हणून सांगत नाही, भोवती सोबती असतात, ढोल असतात, आणि शिवभक्तीचा उत्साह असतो. वर्षभराच्या व्यायामालाही सोबत व आनंद लागतो, एकट्याच्या शिक्षेने तो टिकत नाही. व्यायामशाळेत वजने उचलणे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही हानिकारक नाही. हानिकारक आहेत त्या तेथे हातोहात विकल्या जाणाऱ्या भुकट्या व इंजेक्शने, ज्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

औषधांचा उल्लेख थोडक्यात करतो. अमेरिकेत सेमाग्लुटाइड हे आठवड्याला एकदा घ्यायचे इंजेक्शन २०२२ च्या अखेरीस बारा वर्षांवरील अतिस्थूल मुलांसाठी मान्य झाले, आणि अडुसष्ट आठवड्यांच्या चाचणीत त्याने निर्देशांक सरासरी सोळा टक्क्यांनी उतरला. २०२५ पासून या वर्गातील वजनाची औषधे भारताच्या बाजारातही आली आहेत. अतिस्थूलतेमुळे खरोखर आजारी पडलेल्या मुलासाठी तज्ज्ञाने ती दिली तर तो वैद्यकाचा विषय आहे. पण औषध थांबविले की वजन परत येते, आणि अमेरिकन बालरोग अकादमीने २०२३ साली औषधांना मान्यता देतानाच कुटुंबासह तीन ते बारा महिन्यांत निदान सव्वीस तासांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन हा उपचाराचा पाया ठरविला, हे सांगायला जाहिराती विसरतात. आमच्या दवाखान्यांत त्या सव्वीस तासांच्या जागी पाच मिनिटे मिळतात.

सरकारदरबारी कागद पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या पन्नास मीटरांच्या आत त्यांची विक्री निषिद्ध ठरविली. फाटकाबाहेरच्या गाड्या पाहिल्या की या हुकुमांची अंमलबजावणी कशी चालली आहे ते कळते. मध्यान्ह भोजनाची योजना, जीत वरच्या प्राथमिक वर्गांसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनांचे माप घालून दिले आहे, आठवीला संपते, आणि वाढीची निकडीची वर्षे तेव्हा संपलेली नसतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याच्या पथकाने दरसाल शाळेत जाऊन प्रत्येक मुलाची उंची व वजन नोंदवायचे असते. तो सरकारी व अनुदानित शाळांपुरता आहे. स्थूल मुले ज्या खासगी शाळांत अधिक संख्येने आहेत त्या या मोजणीच्या बाहेर राहतात, आणि म्हणून या प्रश्नाचे खरे आकारमान जिल्ह्याच्या कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. ही मोजणी सर्व शाळांना लागू करणे खर्चाचे काम नव्हे. एक फीत, एक काटा आणि भारतीय बालरोग अकादमीचा छापील तक्ता एवढीच तिची सामग्री आहे.

अखेरची गोष्ट घरातल्या भाषेची. ढोल्या, ढब्बू, हत्ती असे शब्द लाडात उच्चारले जातात, पण तेरा वर्षांच्या मुलाला त्यातला लाड ऐकू येत नाही. तो लपून खाऊ लागतो, आरशासमोर उभे राहणे टाळतो, पाहुणे आले की खोलीत शिरतो, आणि कधी जेवणानंतर मोरीचे दार लावून बराच वेळ बाहेर येत नाही. ही शेवटची चिन्हे दिसली, किंवा मुलगी अकारण जेवण टाळू लागली, पाळी थांबली, तर वजनाचा विषय तत्काळ बाजूला ठेवून डॉक्टरांचा व मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वऱ्हाडातील आईबापांना माझी विनंती आहे की त्यांनी मुलाच्या वाढदिवशी व त्यानंतर सहा महिन्यांनी, असे वर्षातून दोनदा, त्याची उंची, वजन व कमरेचा घेर एका वहीत लिहून ठेवावा, ती वही डॉक्टरांना दाखवावी, आणि मधल्या काळात त्याच्या वजनाविषयी त्याच्याजवळ एक शब्दही न काढता त्याच्याबरोबर संध्याकाळी चालायला जावे.